मधला माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझे वडील रेल्वेत होते. त्यांची निम्मी नोकरी कर्जतच्या यार्डात गेली. मी इंजिनिअर झालो, बांधकामाचा सल्ला देणाऱ्या एका कंपनीत लागलो आणि काही वर्षांनी माझ्या टेबलावर ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ अशी पाटी आली. अण्णांना ती पाटी बघायची होती, म्हणून एकदा त्यांना ऑफिसात घेऊन गेलो. पाटी बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, “तू नकाशे काढतोस का रे?”

म्हटलं, “नाही, ते डिझाइनवाले काढतात.”

“मग बांधतोस?”

“बांधतो कंत्राटदार.”

“पैसे तरी तुझ्या हातात असतात?”

“नाही अण्णा, पैसे क्लायंट देतो.”

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, “मग तुला पगार कशाचा देतात?”

त्या वेळी मी हसण्यावारी नेलं. पण तीस-पस्तीस वर्षं ती नोकरी केल्यावर मला वाटतं की प्रश्न अगदी नेमका होता. घर बांधताना आपण गवंडी बघतो, ठेकेदार बघतो, आर्किटेक्टचं नाव ऐकतो. या सगळ्यांच्या मधे कागदांची पिशवी घेऊन उभा असलेला माणूस कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट असते, सही. काम झालं, इतकं झालं, बरोबर झालं, असं तो लिहून देतो आणि त्या सहीवर पैसे सुटतात.

‘प्रोजेक्ट मॅनेजर’ हे नाव विसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झालं. काम मात्र त्याच्या शंभर वर्षं आधीपासून चालू होतं, आणि आपल्या भागात ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झालं ते अण्णांच्या कर्जत यार्डाच्या डोक्यावरच, बोरघाटात. तुमच्यापैकी बहुतेकांनी हा घाट गाडीतून पाहिला आहे. कर्जतला वडा खाल्ला, मागून इंजिन लागलं, बोगदे सुरू झाले, मुलांनी आरडाओरडा केला, लोणावळा आलं. आज मला त्या घाटातल्या एका मधल्या माणसाविषयी सांगायचं आहे. त्याचं नाव जेम्स जॉन बर्कले.

आधी त्या काळची व्यवस्था समजून घेऊ. इंग्लंडात रेल्वेचं वेड लागलं, तशी लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात सल्लागार इंजिनिअरांची कार्यालयं थाटली गेली. ग्रेट जॉर्ज स्ट्रीट ही त्यांची गल्ली. आपल्याकडे जशी वकिलांची किंवा सराफांची आळी असते, तशी. तिथे नामांकित इंजिनिअर बसायचा. रेल्वे कंपनी त्याचा सल्ला घ्यायची, भागधारकांना त्याच्या नावाचा विश्वास वाटायचा. पण एका वेळी दहा ठिकाणची कामं असलेला हा मोठा माणूस सगळीकडे हजर राहणार कसा? मग प्रत्येक कामावर त्याच्या तालमीत तयार झालेला एक इंजिनिअर मुक्कामाला राहायचा. त्याला म्हणत ‘रेसिडेंट इंजिनिअर’. मोठ्या साहेबाचा सल्ता जमिनीवर उतरवायचा, कंत्राटदाराकडून काम करून घ्यायचं, मोजायचं, हिशेब तपासायचा आणि कळवत राहायचं. आमच्या धंद्याचा हाच मूळपुरुष.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, १८४९ मध्ये कायद्याने उभी राहिली. तिचे सल्लागार इंजिनिअर होते रॉबर्ट स्टीफन्सन, ‘रॉकेट’ इंजिन करणाऱ्या बाप-लेकांपैकी लेक. ते हिंदुस्थानात कधीच आले नाहीत. त्यांनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या बर्कले यांचं नाव सुचवलं, आणि १८५० च्या फेब्रुवारीत तिशीतले बर्कले मुंबईला उतरले. हुद्दा मुख्य रेसिडेंट इंजिनिअर. ते नोकर कंपनीचे, शिष्य स्टीफन्सनचे, आणि काम करायचं ते परक्या मुलखात, जिथे तोपर्यंत प्रवासी आगगाडी कोणी पाहिली नव्हती.

आता त्यांच्या वरच्यांची गंमत पाहा. कंपनीचं संचालक मंडळ लंडनला. सल्लागार लंडनला. मुंबईहून पत्र इजिप्तमार्गे लंडनला जायला महिन्याहून जास्त लागायचं आणि उत्तराला तितकंच. लंडनपर्यंतची तार अजून व्हायची होती. म्हणजे आज विचारलेल्या शंकेचं उत्तर तिसऱ्या महिन्यात. तोपर्यंत काम थांबवून ठेवायचं की आपल्या जबाबदारीवर पुढे न्यायचं, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. आमच्या वेळी फॅक्स आला, पुढे ईमेल आलं, तरी मुख्य कार्यालयातून उत्तर यायला लागणारा वेळ काही फार कमी झाला नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो. असो.

शिवाय आणखी एक सल्लागार होता, सरकारचा. सरकारने या रेल्वे कंपन्यांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडी नफ्यात चालो की तोट्यात, इंग्लंडमधल्या भागधारकाला त्याचे पाच टक्के मिळणार, आणि तूट भरून निघणार इथल्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या साऱ्यातून. कोणी खर्चाची हमी दिली की हात सैल सुटतात. म्हणून प्रत्येक आराखडा, प्रत्येक मोठा खर्च तपासायला सरकारने आपला ‘कन्सल्टिंग इंजिनिअर’ नेमला. तो बहुधा लष्करी अधिकारी असे. बर्कले यांनी स्टीफन्सनना पटवायचं, सरकारच्या साहेबाला पटवायचं आणि कंत्राटदाराला समजवायचं. यातल्या कोणाचंच दुसऱ्याशी पटेल याची खात्री नाही.

मुंबई ते ठाणे हा २१ मैलांचा मार्ग त्यांनी पुरा केला. १६ एप्रिल १८५३ ची ती चौदा डब्यांची गाडी, चारशे पाहुणे, तोफांची सलामी, हे सगळं आपण शाळेत शिकलो आहोत. खरं काम पुढे होतं. मुंबईला रेल्वे हवी होती ती ठाण्यापर्यंत फिरायला जाण्यासाठी नव्हे. देशावरचा कापूस बंदरात यायला हवा होता, आणि मधे सह्याद्री आडवा होता.

बोरघाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा चढ १८३१ फुटांचा. रेल्वेच्या चाकाला चढ सोसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा चढ पसरट करायचा तर रस्ता लांबवायचा, आणि रस्ता लांबवायला डोंगरात जागा हवी. बर्कले आणि त्यांचे सहकारी काही वर्षं या कड्यांतून मोजणी करत हिंडले. एकामागून एक मार्ग आखले, टाकून दिले. शेवटी ठरला तो मार्ग पावणेसोळा मैलांचा. त्यावर पंचवीस बोगदे, त्यांची एकूण लांबी सव्वादोन मैलांच्या आसपास. सगळ्यात कडक चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर.

एका जागी मात्र सगळी अक्कल संपली. खंडाळ्याच्या खाली डोंगराची सोंड अशी काही पुढे आली आहे की गाडी वळवायला जागाच नाही. तिथे बर्कले यांनी ठरवलं की गाडी वळवायचीच नाही. सोंडेच्या टोकापर्यंत सरळ जायचं, थांबायचं, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. मेंढपाळाची वाट कड्यावर जशी नागमोडी न जाता कोन करून उलटी वळते, तशी. हेच ते ‘रिव्हर्सिंग स्टेशन’. १९२९ मध्ये नवा मार्ग होईपर्यंत पुण्याची प्रत्येक गाडी तिथे थांबून तोंड फिरवत होती. अण्णांच्या आधीच्या पिढीतले ड्रायव्हर त्याच्या गोष्टी सांगत.

या आराखड्याला स्टीफन्सनची मान्यता मिळाली, सरकारची मिळाली. १८५७ च्या डिसेंबरात बर्कले यांनी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनपुढे या घाटावर व्याख्यान दिलं. उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटलेला असताना हा गृहस्थ मुंबईकरांना चढ आणि उतार समजावून सांगत होता.

काम तोवर सुरू होऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती. कंत्राट मिळालं होतं विल्यम फेव्हिएल यांना. ठाण्याच्या मार्गाच्या कंत्राटातही तेच होते, म्हणजे माणूस अनुभवी. १८५६ च्या जानेवारीत पहिला घाव पडला. दोन्ही टोकांचे सोपे भाग लवकर झाले. खालून गाडी खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये आली आणि वरून खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाला. मधला घाट तेवढा उघडा. त्यामुळे पाच वर्षं प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरत, पालखीत, डोलीत किंवा तट्टावर बसून घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. मुंबई-पुणे रेल्वे म्हणजे मधे पालखी, असा तो प्रकार.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला, तिथे येतो.

कड्यावर उभं राहायला जागा नसेल तिथे माणसांना वरून दोरांनी खाली सोडत. लटकत्या अवस्थेत छिन्नी-हातोड्याने खडकात भोकं पाडायची, सुरुंग भरायचा, वर ओढून घ्यायचं. वीस लाख घनयार्डांच्या वर खोदाई, तीही बहुतेक काळ्या पाषाणातली. हे काम करणारी माणसं हजारोंनी आली. बायका-मुलांसकट आली, कारण माती-दगड वाहायला त्यांचेही हात लागत. १८६१ मध्ये ही संख्या ४२,००० पर्यंत गेली होती. त्या काळच्या हिशेबाने एक मोठं शहरच घाटात लटकत होतं. पावसाळ्यात काम बंद. उन्हाळ्यात पाणी आटायचं आणि पटकी यायची. हजारो माणसं तिथे मेली.

या माणसांना पैसे कोण देत होतं? कागदावर बघा. कंपनीने कंत्राट दिलं फेव्हिएलना. त्यांनी कामाचे तुकडे करून पोटकंत्राटदारांना दिले. पोटकंत्राटदाराने मुकादमांना धरलं. मुकादमाने टोळी आणली. बर्कले यांचे इंजिनिअर झालेलं काम मोजत, त्या मोजमापावर कंपनी कंत्राटदाराला पैसे देई. तिथे कंपनीचा संबंध संपला. पुढे तो पैसा तीन हातांतून गळत गळत पाथरवटाच्या हातात पडायचा, किंवा पडायचा नाही. तो पडला की नाही हे बघणं रेसिडेंट इंजिनिअरच्या कामात बसत नव्हतं. त्याने दगड मोजायचा.

१८५९ च्या जानेवारीत घाटात दंगल झाली. मजुरी थकली होती. मजुरांनी कंत्राटदाराच्या गोऱ्या माणसांवर हल्ला केला. बंड नुकतंच शमलेलं, त्यामुळे सरकार हादरलं, चौकशी लागली. चौकशीत आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. मोजमाप होत होतं, पैसे सुटत होते, आणि खाली पोचत नव्हते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये फेव्हिएल यांनी कंत्राट सोडलं.

मग काही महिने कंपनीने घाटाचं काम स्वतःच्या हातात घेतलं. म्हणजे कालपर्यंत फक्त मोजणाऱ्या इंजिनिअरांनी आता माणसं लावायची, दारू आणायची, मजुरी वाटायची. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हा भाग वाचावा असं मला वाटतं. टीका करणं आणि करून दाखवणं यांतलं अंतर त्या काही महिन्यांत त्या लोकांना कळलं असेल.

दुसरे कंत्राटदार आले सॉलोमन ट्रेडवेल. इंग्लंडात नावाजलेले. ते १८५९ मध्येच मुंबईला उतरले आणि काही आठवड्यांत आजाराने गेले. लंडनहून दुसरा माणूस यायचा तर पुन्हा सहा महिने गेले असते. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस बरोबर होत्या. नवरा परमुलखात गेलेला, हातात एवढं मोठं कंत्राट, आणि काळ असा की इंग्लंडातही बाई कंत्राटदार म्हणजे थट्टेचा विषय. अ‍ॅलिसबाईंनी कंत्राट परत केलं नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउसर या दोन अनुभवी माणसांना व्यवस्थापक म्हणून नेमलं आणि काम चालू ठेवलं. ४२,००० माणसांचा तो आकडा त्यांच्याच काळातला आहे. बोरघाट ज्यांनी पुरा केला त्यांत या बाईंचं नाव पहिलं घ्यायला हवं, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात ते मला कधी भेटलं नाही.

दंगलीतून आणखी एक गोष्ट निघाली. १८६० चा नववा कायदा. रेल्वे, कालवे अशा कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत, असा तो कायदा. मजुराला दाद मागायला एक दार मिळालं. पण त्याच कायद्याने काम अर्धवट टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही ठेवली. मालकाने पैसे बुडवले तर ते देणं, आणि मजुराने काम सोडलं तर गुन्हा. एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने मान धरली.

बर्कले या काळात कुठे होते? होते, सगळीकडे होते. एकीकडे बोरघाट, दुसरीकडे कसाऱ्याचा थळघाट, खानदेशाकडचा मार्ग, सोलापूरकडचा मार्ग, सगळा व्याप त्यांच्याच डोक्यावर. १८५९ च्या ऑक्टोबरात स्टीफन्सन वारले आणि पाठीवरचा हातही गेला. प्रकृती ढासळली. १८६१ च्या वसंतात ते मायदेशी परतले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी वारले. वय बेचाळीस.

घाट खुला झाला २१ एप्रिल १८६३ रोजी. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर समारंभाला होते. आठ वर्षांपूर्वी ज्यांनी कंत्राट घेतलं ते फेव्हिएल नव्हते, ट्रेडवेल नव्हते, स्टीफन्सन नव्हते आणि बर्कलेही नव्हते.

मला बर्कलेंविषयी आदर आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल. तरीही पुढची गोष्ट टाळता येत नाही. १८६७ च्या जुलैत, भर पावसात, घाटातला आठ कमानींचा एक मोठा पूल कोसळला. चौकशीत दिसलं की बाहेरून घडीव दगडांची देखणी भिंत आणि आत हलक्या चुन्यात टाकलेला भरताड दगड. त्यानंतर जीआयपीचे पुष्कळ पूल पुन्हा तपासावे आणि बांधावे लागले.

ज्यांनी कधी मोजमाप पुस्तक, म्हणजे आमच्या भाषेत ‘एमबी’, हाताळलं आहे त्यांना हे चटकन समजेल. त्यात लांबी लिहितात, रुंदी लिहितात, उंची लिहितात. तिन्हींचा गुणाकार बरोबर असतो. भिंतीच्या पोटात काय भरलं आहे यासाठी त्यात रकाना नसतो. ते बघायला माणूस भिंत उठत असताना तिथे उभा असावा लागतो, रोज, पाऊस आणि पटकी असतानासुद्धा. मूठभर इंजिनिअर आणि पावणेसोळा मैलांचा कडा. मी त्यांना दोष देत नाही. पण सह्या त्यांच्याच होत्या.

बर्कलेंच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंगसाठी एक पारितोषिक ठेवलं गेलं. १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधला एक म्हैसुरी विद्यार्थी पहिला आला आणि जेम्स बर्कले पारितोषिक त्याला मिळालं. त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. घाटातल्या त्या मधल्या माणसाचं नाव असं योग्य घरी पोचलं, याचं मला फार बरं वाटतं.

विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यातली सरकारी नोकरी १९०८ मध्ये सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादला मुसी नदीने थैमान घातलं. निजाम सरकारने त्यांना खास सल्लागार इंजिनिअर म्हणून बोलावलं. १९०९ च्या एप्रिलपासून काही महिने ते तिथे होते. पूर का आला ते शोधलं, शहराच्या वर दोन धरणं बांधा म्हणून सांगितलं, आराखडे दिले आणि वर्ष संपायच्या आत मुख्य इंजिनिअर म्हणून म्हैसूरला गेले. उस्मानसागर पुरा झाला १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये. सल्ला थोर होता, यात शंकाच नाही. पण त्यानंतरची अठरा वर्षं उन्हात उभं राहून तो सल्ला बांधून घेणारी माणसं वेगळी होती. हैदराबादला गेलो की मी मुद्दाम उस्मानसागरावर जातो, त्या माणसांसाठी.

आता माझं थोडं. १९८७ सालची गोष्ट आहे. एका कारखान्याच्या इमारतींचं काम आमच्या कंपनीकडे होतं, मी साइटवर मुक्कामाला. दर महिन्याला कंत्राटदाराचं रनिंग बिल यायचं. माझी मुलं मोजमाप घ्यायची, मी तपासायचो, सही करायचो, क्लायंट पैसे सोडायचा. एका संध्याकाळी पत्र्याच्या ऑफिसात एक मुकादम आला. उस्मानाबादकडचा. दारात चप्पल काढून उभा राहिला. म्हणाला, “साहेब, दोन महिन्यांचे पैसे नाहीत. कंत्राटदार म्हणतात, साहेबांनी बिल अडवलंय.”

मी बिल अडवलेलं नव्हतं. दोन्ही बिलांवर माझी सही होती आणि पैसेही सुटले होते. मी त्याला म्हटलं, “हा तुमचा आणि त्यांचा प्रश्न आहे. आमच्याकडे त्याचा विषय येत नाही.”

वाक्य नियमाने शंभर टक्के बरोबर होतं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात मजुरी वाटताना मूळ मालकाच्या प्रतिनिधीने हजर राहून सही करावी असं कलम होतं. मूळ मालक म्हणजे क्लायंट. त्याचा प्रतिनिधी एक कारकून होता, तो पंधरा दिवसांनी यायचा आणि कोऱ्या पत्रकावर सही करून जायचा. सल्लागार कंपनीचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. मुकादम “बरं साहेब” म्हणाला, चप्पल घातली आणि गेला. त्याने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

बोरघाटाच्या दंगलीविषयी मी वाचलं ते त्यानंतर वर्षभराने, अण्णा गेल्यावर. त्यांच्या ट्रंकेत रेल्वेच्या इतिहासाचं एक जुनं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यात मजुरीची थकबाकी आणि त्या चौकशीबद्दल अर्ध्या पानाचा मजकूर होता. त्या पानावर अण्णांची पेन्सिलीची रेघ होती. मला त्यांनी ते कधी दाखवलं नाही. किंवा मी कधी बघायला मागितलं नाही.

पुढच्या साइटवर मी एक पद्धत सुरू केली. बिल आलं की आधी मागच्या महिन्याचं मजुरी वाटपाचं पत्रक मागायचं आणि त्यातली चार-पाच नावं स्वतः टोळीत जाऊन विचारायची, तुला मिळाले का, किती मिळाले. मगच सही. कंत्राटदाराने थेट आमच्या वरिष्ठांकडे तक्रार केली. वरिष्ठ माणूस भला होता. त्याने मला बोलावून सांगितलं की करारात हे बसत नाही, बिल उशिरा गेलं तर दंड आपल्यावर येईल. मी म्हटलं, बिल उशिरा जाणार नाही, मी रात्री जाऊन विचारीन. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “लेखी काही लिहू नका.”

मी लेखी काही लिहिलं नाही. निवृत्त होईपर्यंत संध्याकाळी सातनंतर टोळ्यांच्या झोपड्यांतून फिरत राहिलो. अनेकदा नावं खोटी निघायची, कधी अंगठे एकाच माणसाचे असायचे. चारदा मी बिल परत पाठवलं. त्यातल्या तीन वेळा पैसे वाटले गेले. चौथ्या वेळी मला त्या कामावरून काढून दुसरीकडे पाठवलं.

उस्मानाबादच्या त्या मुकादमाला मी नंतर शोधायला गेलो होतो. १९८९ मध्ये जुन्या साइटवर गेलो तेव्हा कारखाना सुरू झाला होता, शेड रंगवून झाली होती. जिथे त्यांच्या झोपड्या होत्या तिथे सायकल स्टँड होता. पहारेकऱ्याने सांगितलं की ती टोळी पावसाळ्याच्या आधीच एका रात्रीत निघून गेली, भांडी-कुंडी घेऊन. पैसे मिळाले होते का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “तुमच्याच ऑफिसात असेल की साहेब त्याची नोंद.”